झोपलेल्या सहप्रवाशाचा फोटो



आज एक छोटासा प्रश्न आपल्यासमोर ठेवायचा आहे. तो रोजचा आहे आणि म्हणूनच त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. लांबच्या प्रवासात, बसमध्ये आपल्या आजूबाजूला बसलेल्या अनोळखी माणसाचा फोटो त्याला न विचारता काढावा का?

समजा, तुम्ही दिल्लीच्या कश्मीरी गेट बस अड्ड्यावरून हरिद्वारच्या बसमध्ये बसला आहात. रात्रीची वेळ आहे. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. मेरठ मागे पडते, खतौलीच्या ढाब्यावर गाडी थांबते, चहा होतो. मग आतले दिवे मालवले जातात आणि एकेक करून माणसे झोपी जातात. पलीकडच्या सीटवर एक आजोबा आहेत. मफलर घसरला आहे, तोंड किंचित उघडे आहे, आणि त्यांच्या खांद्यावर डोके टेकून नात झोपली आहे. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड दोघांच्या चेहऱ्यांवरून सरकत जातो. दृश्य खरोखरच सुंदर आहे. फोन तुमच्या हातात आहेच. आवाज बंद आहे, फ्लॅश बंद आहे. एका सेकंदाचे काम.

अशा वेळी मनात तीन उत्तरे पटापट येतात. "सार्वजनिक जागा आहे, मग काय हरकत आहे?" "माझा हेतू चांगला आहे." आणि "त्यांना कळणारसुद्धा नाही." ही तिन्ही उत्तरे आपण एकेक करून तपासून पाहू. घाईने निकाल द्यायचा नाही. स्वाध्यायात एखादा विचार जसा उलटसुलट करून पाहतो, तसेच पाहायचे.

सार्वजनिक जागा आहे, मग काय हरकत?

हे पहिले उत्तर अगदीच चुकीचे नाही. सार्वजनिक जागी साधा फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्या देशात नाही. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा चित्रित करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत वेगळे कलम घालण्यात आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ आहे. पण झोपलेल्या आजोबांच्या फोटोला ते लागू पडत नाही.

याच दिल्लीत २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालातला एक विचार आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. माणूस चारचौघांत आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण खासगीपणा जागेला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो; तो त्याच्या प्रतिष्ठेचा भाग असतो. हा निकाल मुख्यतः सरकार आणि नागरिक यांच्या नात्याबद्दल आहे, तो घेऊन कोणी सहप्रवाशावर खटला भरणार नाही. पण विचार म्हणून तो मनात ठेवण्यासारखा आहे.

जरा आपल्या मागच्या पिढ्यांकडे पाहा. मुंबईच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा माणसे राहत. आडोसा म्हणून फार तर एक पडदा. तरीही त्या घरात मर्यादा होती, कारण भिंतीचे काम नजर करत असे. कोणी कपडे बदलत असेल, कोणी रडत असेल, कोणी आजारी असेल, तर बाकीचे न सांगता नजर वळवत. नदीच्या घाटावरही असेच चालत आले आहे. आपल्याकडे खासगीपणा दगडविटांनी कमी आणि एकमेकांच्या नजरेच्या संयमाने जास्त राखला गेला.

बसमध्ये हेच चालते. स्वतःच्या गाडीने हरिद्वारला जाणारा माणूस काचेमागे झोपतो. बसने जाणारा चाळीस अनोळखी माणसांसमोर झोपतो. त्याला दुसरा पर्याय परवडत नाही. म्हणजे ज्याला खासगीपणा विकत घेता येत नाही, त्याच्याकडे तुमच्या-माझ्या सौजन्याशिवाय दुसरा आडोसा नाही. "सार्वजनिक जागा आहे" असे म्हणून आपण तोच आडोसा काढून घेतो. जागा सार्वजनिक असेल, चेहरा सार्वजनिक नाही.

माझा हेतू चांगला आहे

दुसरे उत्तर आपल्याला जास्त पटते, कारण साधनेत हेतूला मोठे स्थान आहे. मी कोणाची टिंगल करत नाही, मला त्या दृश्यातले वात्सल्य भावले, मग दोष कसला?

इथे दिल्लीतलीच एक खरी घटना आठवावी लागते. ती बसमधली नाही, मेट्रोतली आहे, पण प्रश्न तोच आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये दिल्ली मेट्रोच्या डब्यात गणवेशातला एक पोलीस हवालदार तोल जाऊन झोकांड्या खाताना आणि पडताना दिसला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो समाजमाध्यमांवर आणि मग वृत्तवाहिन्यांवर पसरला. शीर्षक ठरलेलेच होते: दारू प्यालेला पोलीस. लोक हसले, चिडले, पुढे पाठवत राहिले. हवालदाराला निलंबित करण्यात आले. नंतर बाहेर आलेली गोष्ट वेगळी होती. त्या माणसाला काही वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यातून शरीराची एक बाजू अधू झाली होती आणि बोलण्यावरही परिणाम झाला होता. त्या दिवशी त्याची तब्येत बिघडली होती. पुढे त्याला नोकरीत परत घेण्यात आले आणि बदनामीची दाद मागत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण जे लाखो डोळ्यांनी पाहिले होते, ते परत घेता आले नाही. पहिला व्हिडिओ जितक्या लोकांपर्यंत पोहोचतो, तितक्या लोकांपर्यंत खुलासा कधीच पोहोचत नाही.

या घटनेत व्हिडिओ काढणाऱ्याचा हेतू काय होता, ते आपण सांगू शकत नाही. कदाचित गंमत असेल, कदाचित "सरकारी नोकर असे वागतात" याची प्रामाणिक चीडही असेल. पाठवणाऱ्या हजारोंपैकी अनेकांना तर आपण समाजाचे भलेच करत आहोत असे वाटले असणार. पण त्या डब्यात एका माणसाला मदतीची गरज होती. फोन हाती घेतला गेला तो मदतीसाठी नव्हे, चित्रणासाठी. प्रतिमा हातात आली आणि माणूस हातून सुटला.

यातून एक गोष्ट कळते. फोटो अर्धेच सांगतो. तो जिथे सुरू होतो त्याच्या आधीचे आणि जिथे संपतो त्याच्या नंतरचे त्यात नसते. उरलेले अर्धे पाहणारा स्वतःच्या मनाने भरतो. बसमध्ये तोंड उघडे टाकून झोपलेला माणूस कोणाला गमतीदार दिसेल, कोणाला गबाळा, कोणाला नशेत. प्रत्यक्षात तो सलग दोन पाळ्या करून आलेला असेल, किंवा गाझियाबादच्या एखाद्या इस्पितळात आठवडाभर नातेवाइकाच्या उशाशी बसून आता घरी निघालेला असेल. तुमचा हेतू तुमच्या मनात राहतो. फोटो मात्र तुमच्या हातून निघाला की हेतू मागेच सोडून जातो.

चांगल्या हेतूचे एक वेगळे उदाहरणही पाहू. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. कॅमेरा कोटात लपवलेला, भिंग दोन बटणांच्या मधून डोकावणारे, कळ दाबायची तार बाहीतून हातात आलेली. चारचौघांत आपण जो मुखवटा चढवतो, तो रेल्वेत बसलेला माणूस काही वेळ उतरवून ठेवतो आणि तेव्हा त्याचा खरा चेहरा दिसतो, अशी त्याची धारणा होती. हे फोटो आज मोठी कला मानले जातात. पण त्यांचे पुस्तक निघाले ते १९६६ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. इतक्या उशिराने प्रसिद्ध झाल्यामुळे त्या चेहऱ्यांना निदान काळाचा आडोसा मिळाला. आपल्या फोनवरचा फोटो पंचवीस सेकंदही थांबत नाही.

इव्हान्सच्या बाजूने एक वजनदार गोष्ट बोलता येते: सावध नसलेला चेहरा हा सत्य असतो, आणि सत्याचा शोध ही वाईट गोष्ट कशी? पतंजलींनी यम सांगितले आहेत पाच: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. हा क्रम लक्षात घ्या. सत्य दुसरे आहे, अहिंसा पहिली. सत्य बोलायचे, पण ते कोणाला इजा करण्यासाठी नाही. हाच क्रम डोळ्यांनाही लावता येईल. सत्य पाहायचे, पण दुसऱ्याला उघडे पाडून नाही. आणि सत्याच्या लगेच पुढे अस्तेय आहे, म्हणजे चोरी न करणे. जैन परंपरेत आणि बौद्ध पंचशीलात हीच गोष्ट अधिक नेमकी सांगितली आहे: जे दिलेले नाही ते घेऊ नये. न दिलेले घेण्याला जैन परंपरा अदत्तादान म्हणते. "हे चोरीत मोडते का?" या प्रश्नावर आपण वकिलासारखा वाद घालू शकतो. "हे मला दिले होते का?" या प्रश्नावर वाद घालता येत नाही. त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते.

त्यांना कळणारसुद्धा नाही

तिसरे उत्तर सर्वांत सोपे आणि, मला वाटते, सर्वांत कमजोर आहे. ज्याला कळत नाही त्याला दुःख होत नाही, हे खरे. पण कळत नाही म्हणून योग्य ठरते, असे आपण दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल म्हणतो का?

बसमध्ये झोपणे म्हणजे काय, याचा थोडा विचार करा. झोपणारा माणूस आपला जीव चालकाच्या हाती देतो. सामान, पादत्राणे, शेजारी बसलेले लेकरू, हे सगळे न बोलता सहप्रवाशांच्या भरवशावर सोडतो. आणि आपला चेहराही सोडतो. जागेपणी आपण चेहरा सांभाळत असतो. झोपेत तो सांभाळणारा कोणी नसतो. म्हणून झोपलेल्याचा चेहरा ही आपल्याकडे काही तासांसाठी आलेली ठेव आहे.

ठेवीबद्दल कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट शिकावी लागते. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यात कलम १४८ पासून, एकाने दुसऱ्याकडे वस्तू सोपवली तर सांभाळणाऱ्याची कर्तव्ये काय, हे दिले आहे. कलम १५१ सांगते की सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी सोपवलेल्या वस्तूची घ्यावी. कलम १५४ सांगते की ज्या कामासाठी वस्तू दिली त्यापलीकडे ती वापरली आणि नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागेल. तिथे एक उदाहरण आहे. एकाने आपला घोडा दुसऱ्याला फक्त त्याच्या स्वतःच्या वापरासाठी दिला. त्याने तो घरातल्याच एका माणसाला बसायला दिला. त्या माणसाने काळजीपूर्वकच चालवला, तरी घोडा अपघाताने पडला आणि जखमी झाला. कोणीही निष्काळजीपणा केला नव्हता. तरीही घोडा घेणारा जबाबदार ठरतो, कारण घोडा पुढे देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

आता घोड्याच्या जागी तो फोटो ठेवा. तुम्ही तो फक्त घरच्या ग्रुपवर टाकला. भावाने प्रेमानेच पुढे पाठवला. त्याच्या मित्राने त्यावर एक विनोदी ओळ लिहिली. वाईट असे कोणीच काही केले नाही, पण आजोबा पडले. हा कायदा वस्तूंसाठी आहे, चेहऱ्यांसाठी नाही, हे उघड आहे. मला त्यातला न्याय महत्त्वाचा वाटतो. ठेव नीट वापरली की वाईट वापरली, हा प्रश्न नंतरचा. ती वापरायला दिली होती का, हा पहिला. गांधीजींनी संपत्तीबाबत विश्वस्त होण्याची कल्पना मांडली. झोपलेल्या सहप्रवाशाच्या बाबतीत आपण सगळेच काही तासांचे विश्वस्त असतो.

मग डोळे मिटून घ्यायचे का?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मग कॅमेरा फेकूनच द्यावा." तसे नाही. न विचारता काढलेला प्रत्येक फोटो पापच, असे म्हटले तर आपण दुसरी चूक करू.

बसमध्ये कोणी एखाद्या मुलीला त्रास देत असेल, चालक एका हातात फोन धरून गाडी हाकत असेल, वाहक एखाद्या वृद्धाला अपमान करून उतरवत असेल, तर तिथे चित्रण हा पुरावा असतो. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या त्या रात्रीनंतर बसमधल्या सुरक्षिततेचा प्रश्न देशाने विसरता कामा नये. पुढच्या काळात दिल्लीच्या अनेक बसमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसले, ते याच काळजीतून. पण पुराव्याचाही एक धर्म आहे. पुरावा ज्याने दाद द्यायची त्याच्याकडे जातो, पोलिसांकडे, परिवहन खात्याकडे. तो सगळ्या जगाकडे एकदम जात नाही. आणि त्रास होत असलेल्या मुलीच्या शेजारी जाऊन उभे राहणे हे चित्रणाच्या आधी येते.

दुसरे उदाहरण मे २०२० चे, टाळेबंदीच्या काळातले. त्याआधी मार्चच्या अखेरीस आनंद विहार बस अड्ड्यावर घरी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची प्रचंड गर्दी झाली होती, ती चित्रे आपल्या सर्वांना आठवत असतील. मे महिन्यात पीटीआय वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार अतुल यादव यांना निजामुद्दीन पुलाजवळ रस्त्याच्या कडेला फोनवर बोलत रडणारा एक मजूर दिसला. बिहारमधल्या गावी, तान्ह्या मुलाकडे पोहोचण्यासाठी तो तळमळत होता, आणि पुढे जायला वाट नव्हती. ते मूल वाचले नाही. यादव यांनी फोटो काढला. पण ते तेवढ्यावर निघून गेले नाहीत. त्यांनी त्या माणसाची विचारपूस केली, त्याला पाणी-बिस्किटे दिली, तो पुढे जाऊ शकेल यासाठी पोलिसांशी बोलले. फोटो देशभर पोहोचला, मदत आली आणि तो माणूस आपल्या गावी पोहोचला.

या फोटोतही एका बापाचे अत्यंत खासगी दुःख सगळ्या देशाने पाहिले. हे ओझे हलके नाही, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण मेट्रोतल्या त्या व्हिडिओशी तुलना करून पाहा. दोन्हीकडे एक असहाय माणूस आहे आणि दोन्हीकडे कॅमेरा आहे. फरक पडतो तो कॅमेऱ्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाने पुढच्या पाच मिनिटांत काय केले याने. एका ठिकाणी प्रतिमा मिळाल्यावर नाते संपले. दुसऱ्या ठिकाणी तिथून नाते सुरू झाले.

मराठीत आपण फोटो "टिपतो" असे म्हणतो. भाषांतराची सेवा करताना हा शब्द अनेकदा समोर येतो आणि दर वेळी थोडे थांबवतो. शिकारी सावज टिपतो. चिमणी दाणे टिपते. आणि कोणी रडत असेल तर त्याचे डोळेही आपण पदराने टिपतो. शब्द एकच, त्यामागचा भाव वेगवेगळा. आपला हात कळीवर जातो तेव्हा यातले कोणते टिपणे चालले आहे, हे दुसरे कोणी सांगू शकत नाही. आपल्याला मात्र आतून माहीत असते.

साक्षी आणि प्रेक्षक

साधना करणाऱ्यांच्या मनात इथे एक शंका येऊ शकते. आपण साक्षीभावाचा अभ्यास करतो. मग समोरचे दृश्य निर्विकारपणे टिपणारा कॅमेरा साक्षीच नाही का?

नाही. साक्षीला काहीच नको असते. तो पाहतो आणि जे आहे ते जसेच्या तसे राहू देतो. फोटो काढणाऱ्याला काहीतरी हवे असते. हा क्षण माझ्याजवळ राहावा, तो मला दाखवता यावा, त्यावर कोणीतरी "वा!" म्हणावे. यात वाईट काही नाही, पण हा साक्षीभाव नव्हे, हा संग्रह आहे. म्हणून पाचव्या यमाशीही, म्हणजे अपरिग्रहाशीही, हा प्रश्न जोडलेला आहे. आपल्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि त्यांतले बहुतेक आपण पुन्हा कधी उघडलेले नाहीत. दृश्य पाहायचे राहून गेले, साठवायचे मात्र झाले.

आपल्याकडे पाहण्यासाठी एक फार मोठा शब्द आहे: दर्शन. पंढरपूरला रांगेत तासन्‌तास उभे राहणारा वारकरी विठ्ठलाला पाहायला जातो, आणि विठ्ठलाने आपल्याला पाहावे म्हणूनही जातो. दर्शन दोन्ही बाजूंनी होते. अनेक मंदिरांत गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत. तिथे आपण तक्रार न करता फोन खिशात ठेवतो, कारण तिथे कोणीतरी आहे हे आपण मानतो. समोरच्या सीटवरच्या माणसातही तेच चैतन्य आहे, असे आपण रोज म्हणतो. मग तिथे फोन खिशात ठेवणे इतके अवघड का व्हावे? झोपलेला माणूस आपल्याला पाहू शकत नाही. त्यामुळे त्याचे आपण जे घेतो ते दर्शन होत नाही, ते एकतर्फी घेणे होते.

आपल्याच घरातला प्रश्न

हा लेख इतरांबद्दल आहे असे वाटत असेल, तर आता थोडे आपल्याकडे वळू. शिबिराहून परतताना बसमध्ये झोपलेल्या साधकांचे फोटो ग्रुपवर येतात. खाली कोणी लिहितो, "गहन ध्यान चालू आहे." सगळे हसतात. हसणे निर्मळ असते. पण ज्या ताई त्या फोटोत आहेत, त्यांनी दुसऱ्या दिवशी "हा फोटो काढून टाकाल का?" असे विचारणे सोपे नसते. विचारले तर "एवढे काय त्यात!" असे ऐकावे लागते, न विचारले तर मनात राहते. ज्या ठिकाणी माणूस अहंकार उतरवून ठेवायला येतो, तिथे त्याला आपला चेहरा सांभाळत बसावे लागू नये.

सेवाकार्याच्या फोटोंचेही असेच आहे. दिल्लीच्या थंडीत बस अड्ड्यांबाहेर आणि रैन बसेऱ्यांजवळ अनेक संस्था ब्लँकेट वाटतात. हे मोठे काम आहे. पण ब्लँकेट घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे पाहायला लावले की ते दान राहते का, याचा विचार व्हायला हवा. रात्री थंडीने कुडकुडणारा माणूस फोटोला नाही म्हणू शकत नाही. ब्लँकेट हातातून जाईल अशी भीती त्याला असते. जिथे नाही म्हणण्याची सोय नाही, तिथल्या होकाराला होकार म्हणता येत नाही. हिशेब ठेवायला हवा, देणगीदारांना माहिती द्यायला हवी, हे मान्य. त्यासाठी किती ब्लँकेट आले, किती वाटले, कुठे वाटले, याची नोंद पुरते. फोटो हवाच असेल तर देणाऱ्या हातांचा घ्यावा, किंवा ब्लँकेटच्या गठ्ठ्यांचा. घेणाऱ्याच्या चेहऱ्याची पावती लागत नाही.

आचरणासाठी

विचार आचरणात उतरला तरच उपयोग. पुढच्या लांबच्या प्रवासात या चार गोष्टी करून पाहाव्यात.

१. विचारा. वारीत आपण "माऊली, एक फोटो काढू का?" असे सहज विचारतो आणि बहुतेक वेळा समोरून हसूनच होकार येतो. हरिद्वारच्या बसमध्ये "बाबूजी" म्हणून हिंदीत विचारा. नकार आला तर हात जोडा आणि फोन ठेवून द्या. विचारल्यामुळे तो सावध न झालेला क्षण निसटेल, हे खरे. पण त्याऐवजी एक ओळख मिळेल.

२. झोपलेल्याचा, आजारी माणसाचा, रडणाऱ्याचा आणि लहान मुलाचा फोटो काढू नका. यांच्यापैकी कोणी आपल्याला उत्तर देण्याच्या स्थितीत नसते. मुलाच्या बाबतीत त्याच्या आई-वडिलांना विचारा.

३. काढलेला फोटो त्या माणसाला दाखवा. दाखवायला संकोच वाटत असेल, तर त्या संकोचातच उत्तर आहे. नको म्हटले तर त्याच्यासमोर पुसून टाका.

४. दुसऱ्याने पाठवलेला अनोळखी माणसाचा फोटो किंवा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी थांबा. मेट्रोतल्या त्या हवालदाराची बदनामी एका माणसाने केली नाही. लाखो अंगठ्यांनी थोडी थोडी केली.

आणि आजोबा-नातीचे ते सुंदर दृश्य? ते पाहावे. डोळे भरून पाहावे. ट्रकचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवरून सरकताना पाहावा. घसरलेला मफलर हलक्या हाताने सावरता आला, तर सावरावा. खिडकीतून गार वारा येत असेल तर काच ओढून घ्यावी. मग मनातल्या मनात दोघांसाठी चांगले चिंतावे आणि आपणही झोपावे.

स्वाध्यायासाठी प्रश्न

या आठवड्याच्या सत्संगात पुढील प्रश्नांवर चर्चा करता येईल.

तुमच्या फोनमध्ये अनोळखी माणसांचे किती फोटो आहेत? त्यांतले किती त्यांना दाखवता येतील?

पुरावा म्हणून केलेले चित्रण आणि तमाशा म्हणून केलेले चित्रण, यांच्यातली रेषा तुम्ही कुठे आखाल?

तुम्ही झोपलेले असताना शेजारच्याने काय करावे, असे तुम्हाला वाटते?